शेकाच्या पिशवीची दोन माणसं

चर्र... काल दुपारी शांत घरात माझं बूच फिरलं. मित्रांनो, मी एक जुनी रबरी पिशवी आहे, गरम पाण्यानं शेकायची.

कारखान्यात साच्यात दाबून मला घडवलं. नागम्मांनी मला सोलापुरातल्या घरी आणलं आणि जुन्या चादरीच्या तुकड्याचं अंगडं शिवलं. महिन्याचे चार दिवस त्या मला पोटाशी धरून निजायच्या. "लई गुणाची हाय," म्हणायच्या. मला अभिमान वाटायचा. पुढे त्यांचं गर्भाशय काढावं लागलं, आणि मी फळीवर गेले.

मग सून आली, दाक्षायणी. साड्यांबरोबर नागम्मांनी मलाही तिच्या हाती दिलं. तिचे चार दिवस आठ झाले, मग दहा. चेहरा पांढराफटक पडला. दवाखान्यात गेलं की सासूबाईंसारखंच सगळं काढतील, या भीतीनं ती गप्प राहिली. मला मात्र भरत राहिली. एकदा भरतानाच तिला चक्कर आली आणि कढत पाणी पायावर सांडलं.

नागम्मांनी आधी पाय पाहिला, मग तोंड.

"किती दिस झालं गं?"

"सहा महिने."

"आन् मी काय आंधळी हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन दवाखान्यात निघाल्या. थैलीत मीही होते.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "गर्भाशयात गाठी आहेत, पण कॅन्सरच्या वाटत नाहीत. काहींच्या दुर्बिणीतून काढतो. यांना मांडीजवळच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गाठींचं रक्त बंद करता येईल. त्या हळूहळू आकसतील. गर्भाशय जागेवर राहील."

"म्हंजे गाठीला उपास," नागम्मा म्हणाल्या.

"कडकडीत उपास."

नागम्मा हसल्या नाहीत. मला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "आमाला असं कुनी सांगितलंच न्हाय की."

नळीचा उपचार झाला आणि दाक्षायणी तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. सहा महिन्यांत तिच्या गालांवर रंग आला. मी पुन्हा फळीवर गेले. आता रबराला तडे गेलेत, तरी तक्रार नाही. मित्रांनो, मी दुखणं निजवते, घालवत नाही. घरातलं कुणी महिनोन्‌महिने मला सोडत नसेल, तर मला बाजूला ठेवा आणि त्या बाईला विचारा, किती दिवस झाले.

काल बूच फिरवलं ते दाक्षायणीच्या सात वर्षांच्या लेकीनं, सिद्धेश्वरीनं.

"आई, हे कुणाचं?"

"आधी अज्जीचं. मग माझं."

ती बूच फिरवत राहिली. "मग मी मोठी झाले की मला लागणार?"

दाक्षायणीनं सासूकडे पाहिलं. शेंगा सोलता सोलता नागम्मा म्हणाल्या, "लागली तर आदी आमाला सांगायचं, गप ऱ्हायचं न्हाय."