फुलपात्रभर पाणी

रविवारी सकाळी जोतीराम गवंडी पहार घेऊन येणार होता. त्याला अजून सात दिवस होते आणि बोगनवेलीवर एक कळी नव्हती.

आमच्या अंगणात रंगांना तोटा नाही. एकही महिना बिनफुलांचा जाऊ नये, असं बघूनच मी एकेक रोप निवडलं. तांबडी जास्वंद, अबोली, पिवळी कर्दळ, कुंपणाला सदाफुली. गेटापाशी राणी रंग हवा म्हणून तासगावहून, माहेरच्या दारातल्या वेलीची फांदी आणून लावली. पुढं ते घर विकलं गेलं, नव्या मालकानं मूळ वेल तोडली. आता तिची म्हणून एवढीच. पण चार वर्षं नुसती पानंच पानं.

ह्यांचं कुपवाडला वर्कशॉप आहे. दिवाळीत गाडी घेतली, ती रस्त्यावर उभी असते.

"रविवारपर्यंत तुझ्या माहेरच्या पाहुणीनं एक फूल दाखवावं," हे म्हणाले. "नाहीतर तिला उपटून गेट रुंद करणार."

धुणंभांडी करायला येणारी रंगुबाई आटपाडीची. तिनं बुंध्याशी बोट घालून ओली माती बघितली.

"आवं वैनी, लाडानं बिघडवलंय तुमी तिला. रोज बादली? आमच्याकडं बांधावर कोण ढुंकून बघत न्हाई, तरी लालभडक हुतीय. पाणी तोडा, ताण बसू द्या."

पाणी तोडणं माझ्या हातात नव्हतं. चातुर्मासात आमच्या जैन मंदिरात मुक्कामाला आलेल्या माताजींपुढं हात जोडून नियम घेतला होता, अंगणातलं एकेक झाड पाणी प्यायल्याखेरीज आपण पाण्याचा घोट घ्यायचा नाही.

"मग चमचाभर घाला की," रंगुबाई म्हणाली. "कोण मोजायला बसलंय?"

कोणी नाही. म्हणूनच मला ते जमेना. चमचा दाखवून आपण तांब्या रिकामा करायचा, तर नियम कसला? दुपारी बारापर्यंत कोरड्या घशानं बसले. मग ठरवलं. तिला दिवसाला फुलपात्रभर, आणि मलाही फुलपात्रभर. जेवढं तिला, तेवढंच मला.

"येडं लागलंय व्हय?" रंगुबाई ओरडली. "ऊन बघा की बाहेर!"

"ह्यांना सांगू नकोस," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी वेलीची पानं मिटल्यासारखी झाली. माझे ओठ फुटले. चौथ्या दिवशी मंदिरातून येताना भिंत धरावी लागली. सूर्यास्ताआधी जेवायला बसले की भाकरीचा घास फिरत राही. रोज पहाटे आधी शेंडे चाचपायचे. काटे लागत, कळी लागत नव्हती. शुक्रवारी ताट वाढता वाढता डोळ्यांपुढं अंधारी आली. ह्यांनी मला खाली बसवलं आणि रंगुबाईकडं बघितलं. ती पदराशी चाळा करत राहिली.

शनिवारी पहाटे बाहेर आले, तर बोगनवेलीचं आळं काठोकाठ भरलेलं. शेजारी रिकामी बादली, आणि हे.

"अहो, काय केलंत हे?" माझा आवाज एवढा चढतो, हे मलाच ठाऊक नव्हतं. "एकच दिवस राहिला होता!"

"रंगुबाईनं सांगितलं सगळं. वेल प्यायली ना बादलीभर? आता तू पी."

"सहा दिवसांचा ताण वाया घालवलात. आता कुठलं फूल?"

त्यांनी तांब्या पुढं केला. मी प्यायले. गाळलेलं थंड पाणी घशाखाली उतरत होतं आणि डोळ्यांतून दुसरं वाहत होतं.

रविवारी आठ वाजता जोतीराम आला. वेलीची पानं टवटवीत झाली होती. हिरवीगार, फक्त हिरवी. मी दारातच उभी राहिले.

जोतीरामनं बुंध्याशी पहार टेकवली. "श्रेणिकदादा, हितनंच उकरायचं न्हवं?"

ह्यांनी वेलीकडं बघितलं. मग माझ्या फुटलेल्या ओठांकडं.

"नको," ते म्हणाले. "राहू दे गेट आहे तसं."

"आन गाडी?"

"गाडीला तहान लागत नाही. राहील रस्त्यावर."

"आज खाडा झाला की माझा!" जोतीराम कुरकुरला.

"मागची भिंत ढासळलीय, ती बांध."

तो मागं गेला. हे घरात गेले आणि फुलपात्र भरून घेऊन आले. माझ्यापुढं धरलं.

"आधी तिला," मी म्हटलं.

ते वेलीच्या बुंध्याशी खाली वाकले.