सावलीकडचं घर

"आणि नाताळात?" मादाम वेरनेंनी विचारलं.

सिल्वेन शेदाल त्या वेळी खिडकीच्या फळ्या उघडत होती. वर्षभर बंद असलेल्या फळ्या, बिजागऱ्या कुरकुरत होत्या. खांद्याने एक ढुशी दिली तसं ऊन धाडकन आत आलं आणि टेबलावर, चुलीवर, म्हाताऱ्या आंब्रोजच्या रिकाम्या खुर्चीवर पसरलं. संध्याकाळी सातपर्यंत ऊन असतं, असं फाब्रिस नुकतंच सांगून मोकळा झाला होता आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. तारीख एकोणीस जुलै होती.

मधल्या ओढ्याने ला कोंबेट गावाचे दोन भाग केले आहेत. पलीकडे उन्हाकडची बाजू. तिथे चर्च, बेकरी, कॅफे, स्की भाड्याने देणारी दुकानं. अलीकडे सावलीकडची बाजू. तिथे सोळा घरं, त्यांतली अकरा बंद. मागचा डोंगर असा अंगावर आलेला की अकरा नोव्हेंबरला सूर्य कड्याआड गेला की एकतीस जानेवारीलाच पुन्हा तोंड दाखवतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण बाहेरच्या माणसासमोर कुणी त्याचा उच्चार करत नाही. प्रत्येक घराण्यात सावलीकडचं एखादं घर असतंच आणि आज ना उद्या ते विकायचं असतं. म्हणून ही घरं दाखवायला काढतात ती जुलैत.

फाब्रिस हा आंब्रोजचा पुतण्या. आंब्रोज गेला तेव्हा घर याच्या वाट्याला आलं. शिवाय बाहेरच्या लोकांच्या सुट्टीच्या घरांची देखभाल करणारी एजन्सी त्याचीच, आणि सिल्वेन त्याच्याकडे सफाईच्या कामाला. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चादरी बदलल्या होत्या. लियोनहून आलेल्या या वेरने जोडप्याला घर दाखवायचं म्हणून त्याने तिला फळ्या उघडायला आणि जळमटं काढायला बोलावलं होतं. बोलायला नव्हे.

"नाताळात काय, सगळीकडे शेकोट्या," फाब्रिस हसत म्हणाला. "चीज वितळवायचं, वाइन ओतायची. स्वर्ग!"

"मी उन्हाचं विचारतेय," मादाम म्हणाल्या. त्यांचा रोख सिल्वेनकडे होता. सगळं घर हिनेच उघडलं, तेव्हा हिला माहीत असणार, असं त्यांना वाटलं असावं.

आता खरं सांगायचं तर हे घर सिल्वेनलाच हवं होतं. स्की-दुकानाच्या माडीवरच्या ज्या दोन खोल्यांत ती बावीस वर्षं भाड्याने राहिली, त्या मालकाला आता आठवड्याच्या भाड्याने पाहुण्यांना द्यायच्या होत्या. ऑक्टोबरअखेर रिकाम्या करा, असं पत्र आलं होतं. उन्हाकडे तर कोंबड्यांचं खुराडंही तिच्या ऐपतीत नव्हतं. हे घर गेलं तर खाली दरीतल्या शहरात जायचं, सहाव्या मजल्यावर, आणि जन्मलेल्या गावात रोज बसने झाडू मारायला यायचं. या विचाराने तिला रात्र रात्र झोप लागत नव्हती. फाब्रिसने घर लिलावात काढल्याचं कळलं तेव्हाच तिने बँकेत जाऊन कागद करून ठेवले होते. कुणाला सांगितलं नव्हतं.

"नाताळात ऊन नसतं, मादाम," ती म्हणाली. "अकरा नोव्हेंबर ते एकतीस जानेवारी. ऐंशी दिवस. समोरच्या चर्चवर पडलेलं दिसतं. इथे नाही."

फाब्रिसचा चेहरा असा झाला की जणू तिने भर वस्तीत त्याची चड्डी ओढली.

आणि गंमत अशी की मादामचे यजमान, मस्य वेरने, खूश झाले. "म्हणजे बर्फ वितळणारच नाही! अगं, आपल्याला ऊन हवंय कशाला? दारातच स्की चढवायच्या आणि सुटायचं!" त्यांनी टेबलावर थाप मारली. फाब्रिसच्या जिवात जीव आला. मादाम मात्र खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. डोंगराचा कडा कुठे संपतो ते बघायला त्यांना मान बरीच वर करावी लागली.

पाहुण्यांची गाडी पूल ओलांडून गेली मात्र, फाब्रिसने अंगणातच तिला धरलं.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"त्यांनी विचारलं. तुझ्यासमोर."

"माझ्याच घरात उभं राहून माझ्याच घराला नावं ठेवतेस? काकाने तुला वर्षानुवर्षं सूप पाजलं, त्याचे हे पांग फेडलेस?"

"काकाला सूप मी पाजत होते, फाब्रिस. शेवटची चार वर्षं. तू फक्त अंत्यविधीला आलास, तोही उशिरा."

"मग कशाला बोललीस? काय मिळालं?"

"मला हवंय हे घर. मी बोली लावणार आहे."

तो आधी हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "तू? झाडूच्या दांड्यावर घर उभं करणार? सोमवारपासून कामाला येऊ नकोस. सोमवारी चाव्या आणून दे."

"सोमवार कशाला उजाडायला हवा?" सिल्वेनने एप्रनच्या खिशातून जुडगा काढला. चौदा घरांच्या चाव्या. त्याच्या हातात ठेवला. "घे. सात नंबरच्या घराचा नळ गळतोय. तूच जा."

तावातावाने ती पूल ओलांडून कॅफेपर्यंत आली. अठ्ठावन्नाव्या वर्षी काम गेलं होतं आणि घर अजून मिळालेलं नव्हतं. कॅफेवाली ओडेट सत्त्याहत्तर वर्षांची, काउंटरमागे उंच स्टुलावर बसून सगळ्या गावाचे वाभाडे काढणारी. बातमी सिल्वेनच्या आधीच पोचली होती, फाब्रिसच्या फोनवरून.

"आलीस? सत्यवादी बाई आल्या," ओडेट कॉफी ओतत म्हणाली. "माझंही एक घर आहे हो पलीकडे. पुढच्या उन्हाळ्यात काढणार होते. आता तू गिऱ्हाइकाला पंचांग वाचून दाखवणार?"

"विचारलं तर दाखवीन."

"गाव नावं ठेवतंय तुला. म्हणतात, स्वतःला स्वस्तात मिळावं म्हणून बोलली."

"बरोबर म्हणतात. माझ्या फायद्यासाठीच बोलले. आणि खरं तेच बोलले. दोन्ही एका वेळी करता येतं, ओडेट, इथे कुणी करून बघितलं नाही इतकंच."

ओडेटने कप तिच्यापुढे सरकवला. "ऐंशी दिवस अंधारात काय करशील गं?"

"तेच जे आता करते. नोव्हेंबरात या गावात किती घरांत दिवा लागतो, मोजलंस कधी? एकशे चाळीस घरं, आणि दिवे तीस. सगळ्यांना ऊन हवंय आणि राहतंय कोण? मी राहणार."

ओडेटने कॉफीचे पैसे मात्र घेतले. एरवी घेत नसे.

लिलाव ऑगस्टच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी गावच्या सभागृहात झाला. नुकतीच गडगडाटी सर येऊन गेली होती, रस्ते चिखलाने लडबडले होते. अर्धं गाव जमलं होतं आणि सिल्वेनच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पलीकडच्या रांगेत वेरने पतिपत्नी. पुढे टेबलाशी लिलाव चालवणाऱ्या नोटरीबाई, त्यांच्यासमोर पितळी बैठकीत खोचलेल्या दोन बारीक वाती.

"बाहेरून आलेल्यांसाठी एकदा सांगते," नोटरीबाई म्हणाल्या. "बोली लागली आणि पुढे कुणी बोललं नाही, की मी पहिली वात लावीन. ती विझली की दुसरी. दुसरी विझून धूर निघेपर्यंत कुणी बोललं नाही, तर घर शेवटच्या बोलीवाल्याचं. मध्ये कुणी बोललं, तर पहिल्यापासून, नव्या वातींनी."

मस्य वेरने बायकोच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाले आणि गालात हसले. पुढारलेल्या माणसांना वातींची गंमत वाटतेच.

बोली ऐंशी हजार युरोंपासून सुरू झाली. एक स्थानिक बिल्डर नव्वदला मागे सरला. मग दोघंच उरली. सिल्वेन हात वर करायची तशी तडक करायची, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलीसारखी. वेरनेंची रीत निराळी. ते दर वेळी पहिली वात जळून जाऊ द्यायचे, दुसरी अर्धी होऊ द्यायचे, आणि समोरचं माणूस आता जिंकलो म्हणून श्वास सोडतं न सोडतं तोच बोट उचलायचे. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. दर वेळी फाब्रिस मागून हळूच खाकरायचा.

"एक लाख अठरा हजार," सिल्वेन म्हणाली.

हा तिचा शेवट होता. बँकेने दिलेलं, आईचं कुरण विकून आलेलं, एकतीस वर्षं साठवलेलं, सगळं मिळून तेवढंच. यापुढे एक युरो नाही. तिने हात मांडीवर ठेवले आणि एकमेकांत अडकवले.

पहिली वात लागली. जळली. विझली.

दुसरी लागली. वेरने नेहमीप्रमाणे आरामात मागे टेकले. गावातल्या सगळ्यांना ठाऊक आहे की या वाती मेणबत्तीसारख्या मिणमिणत, निरोप घेत विझत नाहीत. त्या चांगल्या तेजात असतात आणि एकदम नसतात. पण ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. गावाला बाहेरच्यांना काही सांगायची सवय नाही. वेरनेंनी बोट उचलण्याआधी बायकोकडे पाहिलं, एवढ्या रकमेला विचारावं म्हणून. मादाम खिडकीबाहेर बघत होत्या.

"ऐंशी दिवस, ब्रुनो," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, पण सभागृहात सगळ्यांना ऐकू गेला. "हिवाळाभर इथे राहणार मी आणि मुलं. तू तर फक्त शनिवारी येणार."

"अगं, त्याचं नंतर..." त्यांनी बोट वर केलं. "एक लाख वीस!"

धुराची एक बारीक रेघ पितळी बैठकीवरून वर निघाली होती.

"धूर," नोटरीबाई म्हणाल्या. "घर मादाम शेदाल यांचं."

मग जो गोंधळ झाला! वेरने उभे राहून म्हणू लागले की ज्योत आत्ता, आत्ता तर होती. फाब्रिस पुढे धावला, "परत लावा! माझं घर आहे, मी सांगतोय परत लावा!" नोटरीबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि कागदावर नाव लिहायला घेतलं. "माझ्या आजोबांनीसुद्धा धुरानंतरची बोली घेतली नव्हती," एवढंच त्या म्हणाल्या. मागून ओडेट मोठ्याने हसली. तिच्या सोबत आणखी दोघं-तिघं हसले, पण अभिनंदन करायला कुणी उठलं नाही.

दारात फाब्रिस आडवा आला. "सड तिथे अंधारात."

"सडेन," सिल्वेन म्हणाली. "माझ्या घरात सडेन. बाजूला हो."

तो बाजूला झाला.

मादाम वेरने पायरीवर नवऱ्याची वाट बघत उभ्या होत्या. दोघींची नजरानजर झाली. मादामनी किंचित मान हलवली, सिल्वेननेही. त्यात आभार होते की समेट, हे दोघींनाही नक्की सांगता आलं नसतं.

सिल्वेन एकटीच पूल ओलांडून सावलीकडे आली. वाटेत कुणी हाक मारली नाही. काम नव्हतं, बँकेचा हप्ता होता, आणि उद्यापासून बेकरीत पाव घेताना किती जणी पाठ फिरवणार हे तिला मोजता येत होतं. नोटरीबाईंनी दिलेल्या चावीने घराचं दार उघडून ती उंबरठ्यात उभी राहिली. बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. उभ्या आयुष्यात ती कुठल्याही घरात बूट न काढता शिरली नव्हती. हात सवयीने नाड्यांकडे गेले आणि तिथेच थांबले.

मग ती तशीच आत गेली. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून जिन्याने वर, दोन्ही खोल्यांतून फिरून पुन्हा खाली. घासून पांढऱ्या झालेल्या लाकडी जमिनीवर तिची पावलं काळी, ओली उमटत गेली. तिने वळून एकदा नीट पाहिलं. कोपऱ्यात फडकं होतं, बादली होती. ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली, पिशवीतून पाव आणि चीज काढलं, आणि जमिनीवरचा चिखल वाळेपर्यंत उठली नाही.