चिमूटभर खारं

डॉक्टरांनी पृथ्वीच्या छातीवरची नळी काढून गळ्यात अडकवली आणि ते त्याच्या आईकडं, निशाकडं वळले. चार वर्षांचं पोरगं, कालपासून एकेक शब्द तोडून बोलत होतं. "पाणी" म्हणायचं, थांबायचं, आणि मग "दे" म्हणायचं. दोन शब्दांच्या मधे त्याच्या बरगड्या आत जायच्या.

"औषध लिहून देतोय," डॉक्टर म्हणाले, "पण कफ सुटला पाहिजे. आज संध्याकाळपासनं वाफ द्या. आणि पातेल्यावर पांघरूण घेऊन नको. तसं करताना भाजलेली पोरं येतात माझ्याकडं. वाफेचं मशीन आणा. झाकण घट्ट बसणारं बघा आणि तुळस, अडुळसा टाकायला वेगळी जागा असणारं बघा. सकाळपर्यंत छाती मोकळी झाली नाही तर ॲडमिट करावं लागेल."

घरी आल्यावर हे सगळं सांगितलं तर धोंडुबाईंनी, म्हणजे निशाच्या सासूबाईंनी, नाक मुरडलं. पाच पोरं त्यांनी पातेल्याच्या वाफेवर वाढवली होती आणि ही गोष्ट त्या दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायच्याच.

"पाण्यात करंट सोडायचा आणि त्याच्याम्होरं पोराचं त्वांड धरायचं," त्या म्हणाल्या. "कुठलं शास्त्र म्हणायचं हे?"

सूरज म्हणजे निशाचा नवरा. तो चांदीचा कारागीर. हुपरीहून पैंजणं यायची आणि मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत बसून तो त्यांना घुंगरू डाग देऊन जोडायचा. आई आणि बायको यांच्यामधे बोलायची वेळ आली की त्याला नेमकं काम आठवायचं. आज मात्र त्यानं खिशात हात घातला, होतं ते काढून निशाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "यात बसंल ते आण. बघून आण. हलकंसलकं गळ्यात मारत्यात."

त्यात बसेल ते आणि चांगलंही असेल ते. या दोन गोष्टी एकाच दुकानात एकाच वेळी सापडणं किती कठीण असतं, हे ज्यांनी मोजक्या पैशांत बाजार केलाय त्यांना सांगायला नको.

लक्ष्मीपुरीतल्या आकारामच्या दुकानात मिक्सर, इस्त्र्या, गिझर यांच्या गर्दीत तीन वाफेची मशीनं होती. आकारामनं तिन्ही काउंटरवर मांडली. पहिलं गुलाबी रंगाचं, अगदी स्वस्त. दुसरं लाल दिवा लागणारं, तोंडाला लावायचा मुखवटा असलेलं. त्याची किंमत ऐकून निशानं त्याच्याकडे परत बघितलंसुद्धा नाही. तिसरं मळकट पांढरं, बुटकं आणि बसकं, बघून कुणाला हौस येणार नाही असं.

"गुलाबी घ्या वहिनी," आकाराम म्हणाला. "रोज पाच-सहा जात्यात. तक्रार न्हाय."

निशाच्या मनात होतं, तेच घ्यावं. उरलेल्या पैशांत औषधही येईल आणि रिक्षानं घरीही जाता येईल. घरी पोरगं धापा टाकतंय आणि आपण इथं झाकणं कसली उघडून बघतोय, असं तिला वाटत होतं. पण डॉक्टरांचा आवाज कानातून जात नव्हता. तिनं गुलाबी मशीन उचलून आडवं केलं. झाकण सुटून काउंटरवर पडलं.

"आडवं कोण करतंय?" आकाराम म्हणाला.

"चार वर्षांचं पोरगं करतंय," निशा म्हणाली. "गरम पाणी मागवा की शेजारच्या चहावाल्याकडनं."

आकारामनं कपाळाला आठ्या घातल्या, पण पाणी मागवलं. निशानं गुलाबी भांड्यात ते ओतलं आणि नाक जवळ नेलं. नव्या चपलेचा यावा तसा वास आला. हा वास पृथ्वीच्या छातीत जाणार होता. मग तिनं मळकट पांढऱ्यात पाणी ओतलं. वास नाही. झाकण फिरवून बसवायचं होतं, आडवं केलं तरी थेंब सांडला नाही. वर पाला टाकायची वेगळी वाटी होती आणि वायर चांगली जाड होती. किंमत मात्र अशी की औषध घेतल्यावर रिक्षा विसरायची.

"चालवून दाखवा," ती म्हणाली.

आकारामनं नळाचं ताजं पाणी भरून पिन लावली. दोघं बघत राहिले. वाफ येईना. निशानं पिन हलवून बघितली.

"मशीन बिघडलेलं न्हाय," आकाराम हसला. "आत दोन पट्ट्या हायत, करंट पाण्यातनं या पट्टीतनं त्या पट्टीत जातोय, तवा पाणी तापतंय. आपलं नळाचं पाणी लई गोडं. चिमूटभर मीठ टाकायचं. चिमूटभरच. जास्त झालं तर उकळून तोंडावर उडंल." त्यानं आपल्या जेवणाच्या डब्यातली मिठाची पुडी सोडली आणि चिमूट टाकली. भांडं गुरगुरलं आणि वरच्या भोकातून पांढरी सरळ वाफ उठली. निशानं तिच्यात तोंड धरलं. वाफ स्वच्छ होती.

तिनं पैसे दिले, औषध घेतलं आणि खोकं छातीशी धरून चालत निघाली. चालत म्हणजे जवळजवळ पळतच.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. धोंडुबाई देवापुढं दिवा लावून हात जोडून बसल्या होत्या. पृथ्वी पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज दारातूनच ऐकू येत होता. सकाळी असा आवाज नव्हता.

"पिन हितंच हाय, मी लावतो," सूरजनं खोकं घेतलं. त्याची भट्टी अजून पेटलेली होती, पंख्याची घरघर चालू होती. त्यानं कामाच्या पाटावरच मशीन मांडलं. निशा आत पळाली. अडुळशाची पानं धुवायची, तुळस आणि ओवा ठेचायचा, सगळंच अजून व्हायचं होतं.

पाला ठेचता ठेचता तिला मिठाची आठवण झाली. आता या घरातली एक रीत सांगितली पाहिजे. दिवा लागल्यावर मिठाचं नाव घ्यायचं नाही, घरातली लक्ष्मी जाते, असं धोंडुबाई मानायच्या. मागायचं असेल तर 'खारं' म्हणायचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच संध्याकाळी निशानं भाजीला मीठ मागितलं होतं आणि त्याबद्दल पुढचे आठ दिवस ऐकून घेतलं होतं. आज तर देवघर हाताच्या अंतरावर, सासूबाई मशीनवरून आधीच फुगलेल्या, आणि भांडायला निशाच्या अंगात त्राण नव्हतं.

"अहो," तिनं आतून हाक दिली, "पाण्यात चिमूटभर खारं टाका, तवाच वाफ येती."

"टाकतो," बाहेरून आवाज आला.

ठेचलेला पाला ताटलीत घेऊन ती उठली. तेवढ्यात भांड्याचं गुरगुरणं ऐकू आलं आणि तिला बरं वाटलं. पण गुरगुरणं थांबेना. वाढतच गेलं. मग पृथ्वीचा खोकला ऐकू आला, आणि खोकला मधेच तुटला.

ताटली तिथंच टाकून ती धावली. सूरजनं पोराला मांडीवर घेऊन मशीनपुढं वाकवलं होतं. भोकातून वाफेबरोबर फेस उसळत होता. खोलीभर उग्र दर्प सुटला होता, डोळ्यांत पाणी आणणारा. पृथ्वीचं तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता आणि बाहेरही येत नव्हता. निशानं त्याला ओढलं, पायानं वायर खेचून पिन काढली आणि त्याला घेऊन दारात, वाऱ्याला गेली. पाठ चोळली, नाव घेऊन हाका मारल्या. कितीतरी वेळानं, निदान तिला तरी तसं वाटलं, पोरानं हुंदका देऊन हवा आत ओढली.

तोवर धोंडुबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पोराला निशाच्या हातातून काढून घेतलं आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. मग बोलल्या.

"आता ह्याला हात लावायचा न्हाय कुणी. मी पातेलं ठेवतो. तुमचं शास्त्र बघितलं."

 सूरजनं मशीन खोक्यात कोंबायला घेतलं. "आत्ताच्या आत्ता जातो आणि त्या आकारामच्या डोस्क्यात घालतो. बघून आण म्हणलो होतो तुला."

निशाला रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणाचा, ते तिला कळत नव्हतं. एवढं पारखून घेतलं, चालत आली, आणि शेवटी पोराच्या श्वासावर बेतलं. पण तो दर्प तिला छळत होता. दुकानात हीच वाफ तिनं तोंडावर घेतली होती, तेव्हा वास नव्हता. आणि हा वास ओळखीचा होता. सूरजच्या शर्टाला रोज यायचा, ती रोज धुवायची.

"किती टाकलं?" तिनं विचारलं.

"चिमूटभर. तू सांगितलंस तेवढंच."

"काय टाकलं?"

"खार. तूच म्हणलीस की." त्यानं भट्टीशेजारच्या पत्र्याच्या डबीकडं बोट केलं. टाकणखार आणि नवसागर एकत्र कुटून ठेवलेली पांढरी भुकटी. चांदीला डाग देताना ती लागायची, आणि चांदीवाले सगळे तिला खारच म्हणायचे. "म्हणलं, आत धातूच्या पट्ट्या हायत, तापायला खार लागत असंल."

एका टिंबाचा फरक. पंख्याच्या घरघरीत ते टिंब कुठल्या कुठं उडून गेलं होतं. निशाला सगळा उलगडा झाला. आपण जीभ आवरली, सासूबाईंचा मान राखला, आणि त्या मानापायी पोराच्या छातीत हे गेलं. तिला स्वतःची चीड आली, रीत पाळल्याची चीड आली. उंबऱ्यावर बसलेल्या धोंडुबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या पोराच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या, पण तो हात आता संथ झाला होता.

निशा पुढं झाली. खोक्यातून मशीन काढलं, मोरीत नेलं. सूरजही मागोमाग आला. पैंजणं उजळायची चिंच त्यानं आणली आणि दोन्ही पट्ट्या स्वतः घासल्या. भांडं धुतलं, पाणी ओतलं, परत धुतलं. निशा प्रत्येक वेळी नाक आत घालून बघायची आणि "अजून" म्हणायची. शेवटी वास गेला. तिनं हात साबणानं धुतले, सूरजला धुवायला लावले आणि मशीन पुढच्या खोलीत न ठेवता स्वयंपाकघराच्या पिनेजवळ मांडलं.

नळाचं पाणी भरलं. पिन लावली. दुकानातल्यासारखंच झालं, वाफ येईना.

उंबऱ्यावर पृथ्वीच्या नाकपुड्या फुलत होत्या. त्याच्या ओठांचा रंग निशाला आवडला नाही. धोंडुबाईंनी त्याला घट्ट धरलं होतं आणि त्या काही त्याला सोडणार नव्हत्या.

सूरजनं फळीवरच्या बरण्यांकडं बघितलं. हात पुढं केला, मागं घेतला. घाबरला होता बिचारा. साखर, खायचा सोडा, रवा, सगळंच पांढरं होतं. "कुठलं टाकू?" तो म्हणाला. "नाव घिऊन सांग. परत चुकाय नको."

निशानं तोंड उघडलं. देवापुढचा दिवा समोरच जळत होता. पाच वर्षं वळण लावलेली जीभ क्षणभर अडखळली. तेवढ्यात मागून आवाज आला, पेठेत ऐकू जाईल असा खणखणीत.

"मीठ टाक. मीठ. जेवणातलं मीठ, डाव्या हाताची बरणी."

सूरज आईकडं बघतच राहिला.

"बघतोस काय? मीठ म्हणलो," धोंडुबाई म्हणाल्या.

चिमूट पडली. भांडं गुरगुरलं, फेस आला नाही, वाफ सरळ उठली. निशा वाकणार तोच धोंडुबाईंनी तिला हातानं बाजूला केलं. पोराला निशाच्या मांडीवर दिलं, डोळे मिटले आणि स्वतःचं तोंड वाफेत धरलं. करंटाला आयुष्यभर भ्यायलेली ती बाई, दोन्ही हात जमिनीला टेकून तशीच बसून राहिली. एक, दोन, तीन, मोठे श्वास घेतले. चेहरा ओला झाला. मग मागं सरून म्हणाल्या, "हं. आन त्याला."

निशानं वरच्या वाटीत अडुळसा आणि तुळस भरली आणि पृथ्वीला अंतरावर धरलं. तो रडला, तोंड फिरवू लागला. मघाची धास्ती होती. धोंडुबाईंनी आपला गाल त्याच्या गालाला लावला आणि दोघांची तोंडं वाफेपुढं आली.  सूरज पिनेच्या बटणावर बोट ठेवून उभा होता. निशाचा तळवा पोराच्या छातीवर होता आणि आतली घरघर तिच्या हाताला लागत होती. ती कमी होईना. होईना. मग पृथ्वी खोकला. कोरडा नव्हे, ओला, खोल खोकला. धोंडुबाईंनी पदर पुढं केला आणि त्यात घट्ट कफ पडला. परत खोकला, परत पडला. निशाच्या तळव्याखालची बरगडी हळूहळू आत जायची थांबली.

पोरानं डोळे पुसले. एक लांब श्वास घेतला, सोडला आणि आजीच्या ओल्या चेहऱ्याकडं टक लावून बघितलं.

"आज्जी, दिवा लागल्यावर तू मीठ कसं म्हणलीस?"

अख्खं वाक्य, एका दमात. निशानं तोंडावर पदर धरला, आणि मग तिला जे रडू आलं ते तिनं आवरलं नाही.

"म्हणलो की," धोंडुबाई म्हणाल्या. त्यांनी त्याचं तोंड परत वाफेकडं वळवलं. "आनी परत म्हणंन. तू गप वाफ घे."