सध्या जिवंत

बोलतोय तो मी, रुमेनाच्या दारावर चिकटवलेला कागद. माझी काळी चौकट बघून टोपी काढू नका. माझ्यावर जिचं चित्र आहे ती बाई मेलेली नाही. ती इटलीत, बोलोन्याला, एका म्हातारीची सेवा करते आहे, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आता आठवत नाही. शाळेच्या कपाटात मात्र मी दोन वर्षं पडून होतो. वर खडूंचे डबे, खाली कुणाचे तरी हरवलेले हातमोजे. मी जाड, कोरा, चांगला टेबलाएवढा. आपल्यावर एखादा डोंगर काढतील, फार तर द्राक्षांचा घड, एवढीच माझी अपेक्षा होती.

जानेवारीत चित्रकलेच्या काम्बुरोव्हा बाईंनी कपाट उघडलं आणि वर्गाला सांगितलं, "बालहक्कांवर पोस्टर स्पर्धा आहे. विषय, 'माझं म्हणणं ऐका'. जिंकलेली चित्रं परदेशातल्या बारा शहरांत लावणार आहेत."

मागच्या बाकावरून रुमेनाने विचारलं, "त्यात बोलोन्या आहे का?"

बाईंनी यादीवरून बोट फिरवलं. होतं. रुमेना उठली आणि माझी गुंडाळी करून घरी घेऊन आली.

रुमेना बारावीत. घरात ती आणि तिच्या आईचे वडील, व्हेल्को आजोबा. एके काळी स्टेशनमास्तर होते, आता कानाने अधू. वडिलांचा विषय त्या घरात कुणी काढत नाही. आई, नेव्हेना, सहा वर्षांपूर्वी बसने गेली ती दोन वर्षांतून एकदा येते. दर रविवारी तिचा फोन येतो, आणि बोलणं रंगात आलं की मागून ती इटालियन म्हातारी हाक मारते. दर महिन्याला पार्सल येतं. त्यात कॉफी, साबण, कधी बूट, तेही मागच्या वर्षीच्या मापाचे.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो काळ्या चौकटीत छापून घराच्या दारावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा नवा कागद, सहा महिन्यांनी पुन्हा, मग दर वर्षाला. गावात जिवंत माणसांपेक्षा दारांवरचे चेहरे जास्त झालेत. रुमेनाने तीच रीत उचलली. चार दिवस खपून तिने आईचा चेहरा काढला, भोवती काळी चौकट मारली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'दुःखद स्मरण. सहा वर्षं आमची लाडकी आई नेव्हेना आमच्यात नाही.' खाली, अगदी बारीक: 'सध्या जिवंत. आईजवळ राहणं हा माझा हक्क आहे.'

काम्बुरोव्हा बाईंनी मला पाहिलं आणि खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "चित्र उत्तम आहे पोरी. पण चौकट पिवळी कर. सूर्यफुलं काढ चार. परीक्षकांना मी तीस वर्षं ओळखते."

"बाई, विषय काय आहे?"

"माझं म्हणणं ऐका."

"मग?"

बाईंनी मला गुंडाळून स्पर्धेला पाठवलं. मी काळाच गेलो.

नगरपालिकेच्या सभागृहात सात परीक्षक होते, सगळे पन्नाशीच्या पुढचे. मुलांचं म्हणणं ऐकायला जमले होते, पण मूल एकही बोलावलं नव्हतं. माझ्यासमोर ते अर्धा मिनिट थांबले. सांस्कृतिक विभागाचे प्रमुख म्हणाले, "हे काय अशुभ? पाहुणे येणार, फोटो निघणार." पहिलं बक्षीस पृथ्वीला धरलेल्या रंगीबेरंगी हातांना मिळालं. दुसरं कबुतराला. तिसरं, पृथ्वीवर बसलेल्या कबुतराला. मला सहभागाचं प्रमाणपत्र टाचून परत पाठवलं. त्यावर छापलं होतं, 'तुमचा आवाज आमच्यासाठी मोलाचा आहे.' मला राग आला, खोटं कशाला बोलू.

रुमेना रडली नाही. घरी आली, पिठाची खळ शिजवली आणि जिथे असे कागद लावायचे असतात तिथेच, घराच्या दारावर, मला चिकटवून टाकलं.

समोर गिना मावशी राहते. तिची नजर कमी, जीभ मात्र तेज. फेब्रुवारीचं धुकं होतं. व्हेल्को आजोबा आठवडाभर सर्दीने अंथरुणात होते, अंगणात दिसले नव्हते. मावशीला गल्लीच्या पलीकडून काळी चौकट दिसली. कागद एवढा मोठा का, तर माणूस स्टेशनमास्तर होता म्हणून, असं तिने ठरवून टाकलं. जवळ येऊन वाचायची तिला गरज वाटली नाही. दुःखाच्या घरी पहिल्याच दिवशी जाऊन चौकशा करू नयेत, एवढी तिला रीत कळते. तिने तिथूनच बोलोन्याला फोन लावला, तोही एवढ्या मोठ्या आवाजात की मला दारावर ऐकू आला.

"नेव्हेना, अगं, देव त्यांना क्षमा करो. चांगले होते गं तुझे बाबा. पोर एकटी आहे, ये बाई."

मग आत रुमेनाचा फोन वाजू लागला. ती रुसून आईशी तीन आठवडे बोलली नव्हती, तिने उचलला नाही. पुन्हा वाजला. मी मोजले, अठरा वेळा. शेवटी निरोप आला. रुमेना तो वाचतच बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. माझ्याकडे पाहिलं, गल्लीपलीकडे पाहिलं, तिला सगळं कळलं. निरोप तिने हळू आवाजात वाचला, जणू मलाच: "बाबा कसे गेले? मी आत्ताच्या बसने निघते."

तीन शब्द लिहायचे होते. आजोबा बरे आहेत. मी वाट बघत होतो. रुमेनाने फोन बंद केला, एप्रनच्या खिशात टाकला आणि आत जाऊन घेवड्याचं सूप ढवळायला लागली.

दुसऱ्या दिवशी गिना मावशी काळा रुमाल बांधून, साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा घेऊन आली. मयतासाठी करतात तो. दार आजोबांनीच उघडलं.

"गिना? कोण गेलं?"

मावशी भिंतीला टेकली. "तुम्ही," एवढंच बोलली.

आजोबांनी वाडग्यात डोकावलं, चमचा मागवला आणि उभ्यानेच खायला लागले. "साखर कमी पडली," म्हणाले. "माझ्या मयताला तरी हात सैल सोडायचा होतास."

मावशीने लगेच नेव्हेनाला फोन लावला. पण बस तोवर सर्बियात शिरली होती आणि तिथे तिचा इटलीचा फोन चालत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नेव्हेना आली. काळे कपडे, सुजलेले डोळे, हातात एक लहान पिशवी. अंगणात वडील लाकडं फोडत होते. ती फाटकाशीच खाली बसली. आजोबांनी कुऱ्हाड टाकली, तिला उठवलं आणि म्हणाले, "रडू नकोस, काल माझं जेवणही झालं." मग ती दारापर्यंत आली आणि तिने मला पाहिलं.

मला वाचायला तिला फार वेळ लागला. बारीक ओळ तिने दोनदा वाचली. माझा एक कोपरा धरून ओढायला गेली आणि थांबली. दारावर लागलेली काळी चौकट आमच्याकडे कुणी हाताने काढत नाही. ते काम ऊन-पाऊस करतात. त्यात चेहरा तिचा स्वतःचा.

रुमेना उंबऱ्यात उभी होती.

"फोन का उचलला नाहीस?"

"उचलला असता तर आली असतीस?"

 नेव्हेना एकदम भडकली. "मी काय तिथे मजा मारायला गेलेय? त्या म्हातारीचे केस मी रोज विंचरते. तुझे शेवटचे कधी विंचरले ते मला आठवत नाही. कळतंय का तुला? मला आठवत नाही!" आणि मग आवाज खाली आला. "मे महिन्यासाठी आठ दिवस रजा साठवली होती. तुझ्या निरोपाच्या दिवसासाठी. सांगितलं नव्हतं, अचानक येणार होते. मयताला म्हणून म्हातारीच्या घरच्यांनी तीच सगळी दिली."

बारावी संपली की इथे मुलीला नवरीसारखं नटवून घरातून निरोप देतात. अख्खी गल्ली अंगणात जमते. निघताना आई उंबऱ्यावर पाणी ओतते, पोरीची वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. लहानपणापासून रुमेना त्या पाण्याची वाट बघत होती, आणि तिने ते स्वतःच्या हाताने सांडून टाकलं होतं. तिचा चेहरा मला बघवला नाही. पण मी दारावर, तोंड फिरवणार कुठे?

माय-लेकी चार दिवस एकमेकींना जपून बोलल्या. जायच्या सकाळी नेव्हेनाने तिचे केस विंचरले, रुमेनाने विंचरू दिले. फाटकाशी आजोबा म्हणाले, "खोट्या मरणाला आलीस. आता खऱ्याला रजा कुठून आणशील?" कुणी हसलं नाही.

मे उजाडला. अंगण भरलं, बाजा आला, कोकरू भाजलं. रुमेना हिरव्या रेशमी पोशाखात दारात आली. पाण्याचं भांडं गिना मावशीच्या हातात होतं, आणि मावशीची नजर तुम्हाला माहीतच आहे. निम्मं पाणी उंबऱ्यावर पडलं, निम्मं माझ्यावर. छपराखाली असल्याने तोवर मी शाबूत होतो. आता माझा खालचा भाग ओघळून गेला.

फोटोवाला परगावचा होता. तो म्हणाला, "आता एक आईबरोबर. आई कुठे आहे?"

रुमेनाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने माझी चौकट पाहिली, चेहरा पाहिला, आणि टोपी काढली. "देव तिला शांती देवो, पोरी. लहान वयात फार सोसलंस." खालची बारीक ओळ त्याला वाचताच आली नाही, ती पुसली गेली होती. रुमेना माझ्या शेजारी सरळ उभी राहिली आणि तिने त्याची चूक दुरुस्त केली नाही.

मी अजून इथेच आहे. काळा रंग पक्का निघाला, तो हटत नाही. तुमच्यापैकी कुणी बोलोन्याला जाणार असेल, आणि तिथे एखाद्या म्हातारीची चाकाची खुर्ची ढकलणारी नेव्हेना भेटली, तर तिला एवढा निरोप द्या. तुझ्या दारावरची ती एक ओळ गेली आहे, बाई. मला ती लिहिता येत नाही, आणि तुझी मुलगी आता लिहायची नाही.