चौकडीच्या शर्टाचा पॅड

मी एक जुना कापडी पॅड आहे. मित्रांनो, हे ऐकून कुणी मान खाली घातली असेल तर आधी ती वर करा. मुलींना मासिक पाळीच्या दिवसांत उपयोगी पडतो तो मी. मला माझ्या आयुष्याची मुळीच लाज वाटत नाही.

जन्माने मी शर्ट. लाल-काळ्या चौकडीचं जाड फ्लॅनेल. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो अशा गावात, रोझेर नावाच्या सुताराच्या अंगावर मी कित्येक हिवाळे काढले. कोपरं विरली तेव्हा चिंध्यांच्या टोपलीत गेलो. माझं आता पायपुसणं होणार, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. तेवढ्यात ओदीलने मला उचललं. ती रोझेरच्या दिवंगत बायकोची बहीण. पंधरा वर्षांच्या मिरेयला, रोझेरच्या मुलीला, मन मोकळं करायला ही मावशीच होती. बापलेकीचं एकमेकांवर प्रेम होतं, पण असल्या विषयावर दोघांच्या तोंडाला कुलूप.

आमच्याकडे बटाटे काढायच्या दिवसांत शाळेला सुट्टी देतात. मुलंमुली शेतातल्या यंत्रावर उभी राहून, पट्ट्यावरून धावणाऱ्या बटाट्यांतले दगड आणि ढेकळं वेचतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरायची सोय नसते. मागच्या वर्षी दुकानातल्या पॅडने मिरेयच्या मांड्या सोलवटून निघाल्या. पोट दुखतंय असं सांगून ती घरी आली आणि पुन्हा गेलीच नाही. यंदा शेताच्या मालकाने तिला जागा दिली, पण पुन्हा मधेच गेलीस तर ती जागा दुसऱ्याला देईन, असं बजावून. तिच्या सगळ्या मैत्रिणी त्याच यंत्रावर होत्या. ही जागा गेली असती तर तिने अंथरूणच धरलं असतं.

कापडी पॅड वापरून बघावेत असं तिच्या मनात आलं आणि तिने फुलाफुलांचा एक मोठा संच मागवायचं ठरवलं. मावशीने तिला थांबवलं.

"ढीगभर घ्यायला ही काय बटाट्याची पोती आहेत? आधी एक घालून घरात वावर. बोचतो का, सरकतो का बघ. मग बाकीचे."

मावशीने माझ्याच कापडातून शिवलेला पहिला पॅड रुंद झाला. मिरेय वाकली की त्याची गुंडाळी व्हायची. दुसरा मी. जरा अरुंद, मागून लांब, पोटात जुन्या टॉवेलचे थर, खाली ओल न झिरपणारं कापड आणि दोन्ही पंखांना टिचबटण. मला घालून मिरेय दिवसभर घरात वावरली, जिना चढली-उतरली आणि संध्याकाळी म्हणाली की आपण काही घातलंय हेच ती विसरली होती. याहून मोठं कौतुक मला आजवर मिळालेलं नाही. मग मावशीने माझ्याच मापाची भावंडं शिवायला घेतली.

घोटाळा झाला तो धुण्यात. मिरेयने मला उशीच्या अभ्र्यात दडवून धुण्यात टाकलं. धुणं रोझेर करायचा. अभ्रा झटकताच मी त्याच्या पायाशी पडलो. त्याने आपला शर्ट ओळखला आणि त्याला सगळं समजलं. त्याने कपडे मऊ करायच्या सुगंधी पाण्याची बाटली काढली आणि हात सैल सोडून ओतली. त्या घरात माया अशीच दाखवतात. मी लोण्यासारखा मऊ झालो आणि कामातून गेलो. त्या पाण्याचा मेणचट थर धाग्यांवर बसतो, मग कापड काही शोषतच नाही. हे मला कळत होतं, पण तोंड कुठे होतं?

कामाच्या पहिल्याच दिवशी मी दगा दिला. मिरेयने जाकीट कमरेला बांधलं, दात आवळून सुट्टीपर्यंत उभी राहिली आणि घरी येऊन रडली. दुपारी जाणार नाही म्हणाली. ओदील नुकतीच उरलेली भावंडं धुऊन, वाळवून घेऊन आली होती. तिने मला धुऊन पिळलं, वर पाण्याचे थेंब टाकले. अळवाच्या पानावरून ओघळावेत तसे ते ओघळले. तिने माझा वास घेतला.

"रोझेर, यात काय ओतलंस?"

रोझेरचे कान लाल झाले. "मऊ व्हावं म्हणून. पोरीला टोचायला नको."

"पापा, तुला माहीत होतं?"

"माझाच शर्ट आहे तो. मी नाही ओळखणार?"

मिरेय रडता रडता हसली. माझ्या छातीवरचं, म्हणजे जिथे कधीकाळी खिसा होता तिथलं, ओझं उतरलं. ती मावशीने आणलेलं माझं एक भावंड लावून दुपारी कामावर गेली. रोझेर स्वतः सोडायला गेला. बटाटे संपेपर्यंत तिने ती जागा सोडली नाही.

रोझेरने मला गरम पाण्यात इतक्यांदा खळबळलं की सुगंध गेला आणि मी पुन्हा पाणी प्यायला लागलो. तोवर मी तळघरात, टॉवेलखाली, दमट वाळायचो. त्या रविवारी त्याने मला अंगणातल्या दोरीवर, आपल्या कामाच्या हातमोज्यांशेजारी टांगलं. रस्त्यावरून शेजारी गेला. रोझेरने त्याला हात केला आणि पुढचा चिमटा लावला. अंगभर ऊन लागलं तेव्हा मला रडू आलं असतं, पण मी नुकता कुठे वाळत होतो.

आता माझ्या कडा उसवल्यात. मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. आधी एकच घेऊन बघा. गार पाण्यात भिजवा, साध्या साबणाने धुवा, सुगंधाचे लाड नकोत. आणि घरात कुणी मला उन्हात वाळत घालताना दिसलं, तर नजर वळवू नका. जवळ जाऊन चिमटा पुढे करा.