गळकी ब्युरेट

आमच्या छोट्या कॉलेजातली दोन वर्षं संपवून मी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आले, तेव्हा कळलं की आमच्या प्रॅक्टिकलचे मार्क इथे कुणी धरतच नाही. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "एक प्रयोग करून दाखव. तीनदा संधी मिळेल. जमलं तर ठीक, नाहीतर प्रॅक्टिकल पहिल्या वर्षापासून."

पहिल्या वर्षापासून म्हणजे माझ्या धाकट्या भावाबरोबर! तो याच वर्षी इथे लागला होता. "ताई, तुझ्यासाठी जागा धरून ठेवू का?" असं तो सकाळपासून चारदा विचारून गेला होता. कार्टं!

प्रयोग म्हटलं तर सोपा. ब्युरेट नावाच्या काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायचे आणि खालच्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. थेंब जास्त झाले की रंग भडक, प्रयोग वाया. दोन वर्षं मी हेच तर करत होते.

मी ऐटीत तोटी बंद केली आणि वाट बघत बसले. पुढच्या दोन थेंबांची! आमच्या कॉलेजातली ब्युरेट गळकी होती. तोटी बंद केल्यावरही दोन थेंब हमखास पडायचे, म्हणून आम्ही दोन थेंब आधीच हात आवरायचो. इथली ब्युरेट धडधाकट, थेंब काही येईना. घाबरून तोटी फिरवली, तर भस्सकन धार आली आणि सगळं भडक गुलाबी! दुसऱ्यांदाही तेच.

"मॅडम, एखादी गळकी ब्युरेट मिळेल?"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "नाचता येईना, अंगण वाकडं?"

"उलटं आहे मॅडम. अंगण सरळ आहे, म्हणून नाचता येत नाहीये."

सगळं सांगितल्यावर त्या खळखळून हसल्या. लॅबच्या काकांनी भंगाराच्या खोक्यातून एक गळकी ब्युरेट शोधून दिली. मी दोन थेंब आधी तोटी बंद केली. टप्. टप्. फिकट गुलाबी! मला तर उडीच मारावीशी वाटली.

"बस तिसऱ्या वर्षाला," मॅडम म्हणाल्या. "पण उद्यापासून चांगल्या ब्युरेटवर रोज अर्धा तास सराव करायचा."

काका गळकी ब्युरेट परत खोक्यात टाकायला निघाले, तशी मॅडमनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली.

"तुमच्या कॉलेजातून दरवर्षी एकजण येतो," त्या हळूच म्हणाल्या, "आणि दरवर्षी मी त्याला नापास करते."