शेताबाहेरची बंदूक

"बंदूक खाली ठेव!" हवालदार गाडीतूनच ओरडले.

लाहूने खाली पाहिले. शाळेच्या नळाचे पाणी साचले होते. "गंजंल ना, साहेब," तो म्हणाला.

तलासरीच्या डोंगराकडच्या त्या पाड्यावर प्रवाशांची जीप थांबते ती शाळेच्या फाटकापाशीच. लाहू आणि त्याची बायको भिकी तिचीच वाट पाहत होते. लाहूच्या खांद्यावर बापाच्या वेळची ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून भात राखायला सरकारनेच तिचा परवाना दिला होता. निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा करायची, नाहीतर गुन्हा, असे पोलीस पाटील दारात येऊन बजावून गेले होते. शाळेत नव्याने आलेल्या सुषमाबाईंनी खिडकीतून माणूस पाहिला, बंदूक पाहिली, मुलांना आत घेऊन दार लावले आणि पोलिसांना फोन केला. बाईंचे काही चुकले नाही. या गोष्टीत कुणाचेच काही चुकलेले नाही, हीच अडचण आहे.

"तुमच्याकडंच द्यायला निघालो, साहेब."

"मग शाळेच्या दारात काय करतो?"

"जीपची वाट बघतो."

"बंदूक घेऊन शाळेजवळ उभं राहायचं नसतं, काका!"

"मग जीपला सांगा," भिकी म्हणाली. "तीच उभी राहते इथं."

हवालदारांनी दोघांना गाडीत घातले. निदान गाडी तरी मिळाली, म्हणून लाहू खूश होता.

ठाण्यात मोठ्या साहेबांनी परवाना उलटून पालटून पाहिला. "शेतीसंरक्षण. म्हणजे बंदूक शेतातच. बाहेर काढलीस की अटीचा भंग. आणि काढलीस ती थेट शाळेसमोर!"

"नसती आणली तर?"

"जमा केली नाही म्हणून गुन्हा."

"मग आणायची कशी, साहेब?"

साहेबांनी वर पंख्याकडे पाहिले. पंख्यालाही माहीत नसावे.

"तुमीच या ना घरी न्यायला," भिकी म्हणाली.

"बाई, आम्ही काय घरोघर फिरायचं?"

"मतं मागायला फिरतात ना सगळे."

कोपऱ्यातला शिपाई हसला आणि लगेच खोकला.

साहेब मऊ झाले. "हे बघ, शाळेची तक्रार आहे. मला काहीतरी करावंच लागतं. गुन्हा नोंदवला तर डहाणूच्या कोर्टात तारखा. त्यापेक्षा लिहून दे, परवाना नको म्हणून. बंदूक इथं ठेव, घरी जा."

"भात उभा हाय, साहेब. डुकरं येतात."

"वनखात्याकडे अर्ज कर."

"तवर डुकरं थांबतील?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. कापणी तोंडावर आली असताना डहाणूच्या खेपा त्याला परवडणाऱ्या नव्हत्या. त्याने सही केली. मग शर्टाच्या बाहीने बंदुकीची नळी पुसायला घेतली.

"राहू दे, काका," हवालदार म्हणाले. "इथं धूळच खाणार आहे ती."

लाहूने ती पुसूनच दिली.

दिवस कलला तेव्हा दोघे शेतावर पोचले. रानातून एक डुकरीण पिलांसकट बाहेर आली आणि बांधावरून सरळ भातात उतरली. लाहूने टाळ्या वाजवल्या. दगड मारला. शेवटी छाती भरून, अगदी साहेबांच्या आवाजात ओरडला, "गुन्हा दाखल करीन!"

डुकरिणीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

भिकीने पदर खोचला, विळा घेतला आणि दुसऱ्या टोकाला बसून अजून हिरवाच असलेला भात कापायला लागली. थोड्या वेळाने लाहूही तिच्या शेजारी जाऊन बसला.